हुबेहूब घर

घाबरायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं आणि त्या दिवसापासून मी जास्तच घाबरायला लागले. आधी मी नुसती धनेशसाठी घाबरत होते, आता माझ्या घाबरण्यालाही घाबरायला लागले. कारण त्यांचं म्हणणं असं की, घरातली सततची धास्ती माझ्या नवऱ्याच्या डोक्यात नव्याने जन्मणाऱ्या पेशींच्या मुळावर येते. आता हे ऐकून कोणती बाई शांत बसेल ते मला सांगा.

धनेश माझा नवरा. आम्ही एकाच गावातले, शाळेत एकाच वर्गातले, त्यामुळे लग्नानंतरही मी त्याला नावानेच हाक मारते. माझ्या सासूबाईंना, हौसाबाईंना, ते अजून खपत नाही. धनेशचा जनरेटरचा धंदा. आम्हा आगरी लोकांत हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा. डीजे आणि लायटिंग नसेल तर पाहुणे वर्षभर नावं ठेवतात आणि वीज तर ऐन वेळेला दगा देते. म्हणून टेम्पोवर जनरेटर चढवून धनेश उरणपासून तळोज्यापर्यंतच्या हळदी उजळवायचा. अशाच एका हळदीला पावसाची सर आली. मशीन भिजू नये म्हणून त्याने टेम्पोला चारी बाजूंनी ताडपत्री आवळली आणि स्वतः आत मशीनशेजारी टेकला. बाहेर गाणी दणदणत होती, आत धूर कोंडत होता. नवरदेवाच्या मामांनी ताडपत्री सोडली तेव्हा तो बेशुद्ध होता.

जीव वाचला. हातपाय चालतात, बोलणं नीट आहे, मला ओळखतो, आईला ओळखतो. पण नवीन काहीच डोक्यात ठरत नाही. सकाळी सांगितलेलं दुपारच्या चहापर्यंत गेलेलं असतं. शिवाय मागची काही वर्षंही पुसली गेली आणि नेमकं त्या वर्षांत आमचं गाव गेलं होतं.

गेलं म्हणजे खरंच गेलं. विमानतळ आला, घरं पडली, जमिनीवर भराव पडला आणि आम्हाला पनवेलच्या बाजूला नव्या सेक्टरात प्लॉट मिळाले. आम्ही भाड्याच्या खोलीत राहून बांधत असलेलं घर पुरं होत आलं होतं तेव्हाच धनेशचा हा अपघात झाला. त्याच्या डोक्यात गाव अजून जिथल्या तिथे उभं होतं, वडाखालच्या म्हशींसकट.

आता आमच्या लोकांनी काय केलं ते सांगते. प्लॉटच्या सोडतीत सगळी आळी विस्कटली होती, कोणाचा प्लॉट या टोकाला तर भावाचा त्या टोकाला. तेव्हा माणसांनी बसून आपसांत अदलाबदल केली आणि आळी जुन्या क्रमाने परत लावली. शेजारच्या कमळाकरकाकांना कोपऱ्याचा मोक्याचा प्लॉट लागला होता, चांगलं दुकान निघालं असतं. तो सोडून ते पुन्हा आमच्या भिंतीला भिंत लावून बसले. घर पाडायच्या आधी प्रत्येकाने दाराची चौकट काढून आणली होती, ती नव्या घराला बसवली. सासूबाई तर गवंड्याच्या मानगुटीवर बसल्या होत्या. तीच पडवी, तोच निळा रंग, पाटा-वरवंटा त्याच कोपऱ्यात आणि मागचं दार त्याच जागी. घर हुबेहूब झालं. मलाही तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं, खोटं कशाला बोलू.

हॉस्पिटलातून आणलं त्या दिवशी धनेशने चौकटीला हात लावला, सवयीने वाकून आत आला आणि सरळ माठाकडे जाऊन पाणी प्यायला. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"घर वलखलं माझ्या पोरानं," त्या म्हणाल्या.

कमळाकरकाकांनी आळीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी धनेश मागच्या दाराने बाहेर पडला.

जुन्या घरी मागच्या दाराने निघालं की बोळातून थेट खाडीच्या बांधावर जाता यायचं. बांधाखाली मिठागरं. धनेशचं सगळं लहानपण त्या बांधावर गेलं होतं. नव्या घराच्या मागेही बोळ आहे, पण बोळ संपतो तिथे मोठा रस्ता आहे आणि त्यावरून भरावाचे डंपर धावतात. नशीब की काका मागे दात घासत उभे होते. त्यांनी धनेशला शर्टाला धरून मागे खेचलं. डंपर कर्कश हॉर्न देत गेला. धनेश रस्त्याकडे बघत राहिला.

"काका, बांध कुठं गेला?" त्याने विचारलं.

तेव्हापासून आमच्या घरात भीती राहायला आली. मागच्या दाराला कुलूप घातलं तर तो पुढच्या दाराने वळसा घालून तिकडेच जायचा. पायच त्याला न्यायचे. मग सगळी आळी पहारेकरी झाली. तो नुसता उठला तरी कोणीतरी ओरडायचं, "धनेश, थांब", "कुठं चाललास", "बस खाली". तो दचकायचा, बसायचा. पाण्याचा ग्लाससुद्धा आम्ही त्याच्या हातात द्यायला लागलो. आजारी माणसाला काम सांगणं आमच्यात कमीपणाचं. त्याला पडवीत बसवायचं आणि बसल्या जागी सगळं पुरवायचं, यालाच सेवा म्हणतात.

बांध कुठं गेला, हे तो रोज विचारायचा. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी त्याचा हात हातात घेऊन सांगितलं. तो लहान पोरासारखा रडला आणि थोड्या वेळाने तोंड पुसून त्याने पुन्हा विचारलं. पुढे पुढे मी कांदा चिरता चिरता सांगायला लागले. "गाव गेलं रे, विमानतळ झाला." तो रडायचा, मी कढई चढवायची. आज बाजारात बोंबील नाहीत, हे सांगावं तितक्या सहज मी नवऱ्याला त्याचं गाव गेल्याचं सांगायला लागले होते. पाच-दहा मिनिटांचं तर दुःख होतं, असं मी स्वतःला समजवायची.

पनवेलच्या या डॉक्टरीणबाई मेंदूच्या. त्यांनी औषधांचं नंतर विचारलं, आधी विचारलं की धनेश दिवसभर काय करतो. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "काही नाही करत. आम्ही काडीही उचलू देत नाही."

"तेच नको होतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला समजावलं. मेंदूच्या आत खोलवर एक छोटासा भाग असतो, नवीन गोष्ट आधी तिथे उतरते. धुराचा मार त्यालाच जास्त बसला आहे. पण त्याच भागात मोठ्या वयातही नवीन पेशी जन्मतात. उंदरांमध्ये हे पक्कं दिसलेलं आहे. माणसांत किती जन्मतात यावर शास्त्रज्ञ अजून भांडत आहेत.

"म्हणजे नक्की नाही?" मी विचारलं. इतके पैसे घेऊन हे लोक नक्की काहीच का सांगत नाहीत, याचा मला राग येत होता.

"नक्की असं मी काहीच सांगत नाही. पण त्या जन्मत असतील तर त्यातल्या बऱ्याचशा काही आठवड्यांत मरतात. ज्यांना काम मिळतं त्या टिकतात. काम म्हणजे काहीतरी नवीन शिकणं, आणि तेही जरा कष्टाने. भरपूर चालणं, नीट झोप. बसवून ठेवलेल्या आणि सारख्या घाबरलेल्या जिवात त्या टिकत नाहीत."

मला भाताची लावणी आठवली. राबातून उपटलेली रोपं तशीच बांधावर टाकली तर उन्हात माना टाकतात. चिखलात रोवली तरच उभी राहतात.

"म्हणजे उपटलेल्या रोपांसारखं आम्ही त्यांना बांधावर वाळवतोय," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. "आणखी एक आहे. या नव्या पेशींचं एक खास काम असावं असं दिसतं. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. काल गाडी या झाडाखाली लावली, आज तशाच दुसऱ्या झाडाखाली, तर त्यात घोळ होऊ द्यायचा नाही."

मी त्यांना आमच्या घराचं सांगितलं. चौकटीचं, निळ्या रंगाचं, पाट्याचं, अदलाबदल करून लावलेल्या आळीचं, मागच्या बोळाचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सगळ्यात अवघड पेपर तुम्ही त्यांना पहिल्याच दिवशी दिलात," त्या म्हणाल्या. "ते घर वेगळं दिसू द्या. रोज एक नवीन वाट शिकवा, आधी सोबत राहून. रस्त्याच्या बाजूला एकटं सोडू नका. आणि घरात ओरडणं बंद. तुम्हीही घाबरू नका."

घरी आल्यावर मी दाराला पिवळा रंग द्यायला घेतला. पाटा दुसऱ्या भिंतीला नेला, पलंगाचं तोंड फिरवलं. सासूबाई पडवीत पाय पसरून बसल्या होत्या.

"गाव त्यांनी पाडलं," त्या म्हणाल्या, "आता घर तू पाड."

"पाडत नाय, आई. रंग देते."

"त्यानं हे घर वलखलं म्हणून मलापण वलखलं. घरच नाय ऱ्हायलं तर उद्या मला इचारंल, ही म्हातारी कोन?"

इतके दिवस मला वाटत होतं की, ही बाई हट्टी आहे. ती माझ्याइतकीच घाबरलेली होती, तेवढंच. तरी मी ब्रश रंगात बुडवला आणि दार पुरं रंगवलं.

सकाळी धनेश उठला आणि पिवळं दार बघून भिंतीला चिकटला. "हे कुनाचं घर हाय?" त्याच्या गळ्याची शीर उडत होती. मी जवळ गेले तर झटकन बाहेर पडला आणि काकांच्या पायरीवर जाऊन बसला. दिवसभर आत येईना, जेवेना. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढी एकच गोष्ट धड चालली होती आणि तीही मी मोडून ठेवली, असं मला वाटलं. संध्याकाळी आईने हाक मारली तेव्हा तो आईच्या मागोमाग आत आला. आईला तो विसरला नव्हता. सासूबाईंनी त्याला भात वाढला आणि माझ्याही ताटात वाढला.

रंग मी तसाच ठेवला आणि आळीला तंबी दिली. कोणी ओरडायचं नाही. आमच्या आळीत दोन बायका निवांत बोलल्या तरी पनवेल स्टेशनात ऐकू जातं, त्या आळीला गप्प बसायला लावणं सोपं नव्हतं. पण सगळ्यांनी दातओठ खाऊन ते केलं. धनेश उठला की काका दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरायचे.

वाट मी बेकरीची निवडली. पुढच्या दाराने निघायचं, शाळेच्या कुंपणाने जायचं, पाण्याच्या टाकीशी वळायचं, पाव घेऊन परत यायचं. मोठा रस्ता त्याच्या अगदी उलट बाजूला. रोज सकाळ-संध्याकाळ हात धरून नेलं. रोज टाकीशी थांबून विचारलं, "आता कुठं?" रोज त्याने उलटा हात दाखवला. मी हसून म्हणायची, "बघ जरा नीट." माझ्या तळहाताला घाम फुटला की हात सोडून पदराला पुसायची, त्याला कळू नये म्हणून. त्याच्या डोक्यात काहीतरी जन्मत असेल आणि माझ्या घामाने ते मरत असेल, असं मला खरोखर वाटायचं. वेड लागायची पाळी आली होती.

पाऊस संपला, नवरात्र झालं, तरी काही फरक नाही. मला डॉक्टरीणबाईंचा राग आला, उंदरांचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. मग एका सकाळी टाकीशी मी विचारायच्या आधीच तो वळला. बरोबर वळला. मी त्याच्या मागून चालत राहिले. कोणाला सांगितलं नाही, सासूबाईंनाही नाही. सांगितलं तर दृष्ट लागेल अशी भीती वाटली. दुसऱ्या दिवशी तो चुकला, तिसऱ्या दिवशी पुन्हा बरोबर. असं करत करत तो बेकरीपर्यंत माझ्या पुढे चालायला लागला.

एकदा तरी एकटं सोडणं भाग होतं. सासूबाई म्हणाल्या, "मी नाय बघू शकत," आणि आत जाऊन देवापुढे बसल्या. मी धनेशला पिशवी दिली. तो कुंपणाच्या टोकाशी वळून दिसेनासा झाला. काकांनी बेकरीवाल्याला फोन करून ठेवला होता. थोड्या वेळाने त्याचा फोन आला, पाव घेऊन निघाला म्हणून. मी फाटकाला धरून उभी राहिले. शाळेतली प्रार्थना संपली. भाजीवाला येऊन गेला. धनेश आला नाही.

मी पळत बेकरी गाठली. बेकरीवाला म्हणाला, "ताई, तो तर त्या बाजूने गेला. मला वाटलं, तुम्हीच पाठवला असेल." त्याने मोठ्या रस्त्याकडे हात केला.

त्यानंतर मी कशी धावले ते मला आठवत नाही. चप्पल कुठे पडली तेही नाही. घराच्या मागच्या अंगाला आले तर बोळ संपतो तिथे, रस्त्याच्या अगदी कडेला धनेश उभा होता. पाठमोरा, हातात पावाची पिशवी. डंपर एकामागून एक येत होते, त्याचा शर्ट वाऱ्याने फडफडत होता.

हाक माझ्या घशापर्यंत आली. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. ओरडले असते तर तो दचकला असता आणि दचकलेला माणूस पाय कुठे टाकेल सांगता येत नाही. पळत जाऊन धरावं तर मध्ये बरंच अंतर होतं. आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते. त्याने एक पाय पुढे उचलला. तो पाय त्याने तसाच अधांतरी धरला आणि मग हळूच मागे घेतला. मान वळवून दूरच्या डोंगराकडे पाहिलं, पुन्हा रस्त्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला.

मी जवळ गेले आणि त्याच्या दंडाला धरलं.

"हा बांध नाय," धनेश म्हणाला.

पिशवी धरलेल्या हाताने त्याने डोंगर दाखवला.

"बांधावर उभं ऱ्हायलं की कर्नाळा डाव्या हाताला दिसतो. हितं उजव्या हाताला हाय. ती जागा येगली, ही येगली."

तो डोंगर पहिल्या दिवसापासून तिथेच होता. धनेश या जागी कितीदा येऊन उभा राहिला, कितीदा आम्ही त्याला ओढून नेला, पण दोन जागा त्याला कधी वेगळ्या दिसल्या नव्हत्या. मला त्याला मिठी मारायची होती. भर रस्त्यात मारलीही असती. तेवढ्यात त्याने माझ्याकडे तोंड फिरवलं.

"मग आपलं गाव कुठं हाय?" त्याने विचारलं.

कांदा चिरता चिरता शेकडो वेळा दिलेलं उत्तर होतं ते. तोपर्यंत मी जे सांगत आले ते वाहून जाणारं होतं, त्याची मला खात्री होती म्हणून तर सांगता येत होतं. आता सांगितलेलं कदाचित राहणार होतं. संध्याकाळी राहणार होतं, उद्या सकाळी राहणार होतं. मी ज्यासाठी देवाला नवस बोलले होते ते समोर उभं होतं आणि मला ते नको झालं होतं. उरणला मावशीकडे जाऊ आणि मग गावाला जाऊ, असलं काहीतरी खोटं बोलावं असंही मनात येऊन गेलं.

"सांग ना," तो म्हणाला.

मी त्याला रस्त्यापासून लांब नेलं, बोळातल्या कट्ट्यावर बसवलं आणि सांगितलं. या वेळी सगळं सांगितलं. घरं कधी पडली, वड कधी पडला, मिठागरांवर भराव कसा आला, देऊळ कुठे हलवलं, आळी इथे कशी आणून लावली. तो ऐकत होता. मधे मधे विचारत होता, देवळातली घंटा आनली का, म्हशी कोनी घेतल्या. मग तो रडला. दर वेळी रडायचा तसाच रडला, पण या वेळी मला कढई चढवता आली नाही. मीही त्याच्या शेजारी बसून रडले. गाव गेल्याचं मी तोपर्यंत नुसतंच सांगत आले होते. रडायचं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आधी माझे डोळे उघडले. मी त्याच्याकडे बघत पडून राहिले. हा सगळं विसरलेला असेल तर इतक्या महिन्यांची माती झाली आणि आठवत असेल तर काल मी माझ्या हाताने याचं गाव याच्यापासून कायमचं काढून घेतलं. दोन्हींतलं काय मागावं, मला कळेना. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. त्यांनाही रात्रभर झोप नसावी.

धनेश उठून बसला. पिवळ्या दाराकडे पाहिलं आणि चहाचा कप हातात घेतला. फुंकर मारून प्यायला, पण काही विचारलं नाही. रोज याच वेळी तो विचारायचा.

"धनेश," मी म्हणाले. "आपलं गाव..."

"काल सांगितलंस ना तू, तिकडं कट्ट्यावर," तो म्हणाला. "आता परत नको सांगू."